मुरमातली मेथी

आमच्या कन्हेरीत जिकडं बघावं तिकडं ऊस. आमचंबी तसंच. ह्या बांधापास्नं त्या बांधापतूर ऊस, आन् भाजी आणायची बारामतीच्या बाजारातनं, पिशवी घेऊन. शेतकऱ्याची बायको असून मेथीची जुडी इकत घेते, असं कुणी हसून म्हणलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण खोटं कशाला बोलू, खरंच हाय ते. साठी आली तरी माझ्या हातनं मेथीचं बी कधी मातीत पडलं न्हवतं. माहेरची माणसं मेंढरामागं फिरणारी, सासर उसाचं. मंग भाजीचं मला शिकवणार कोण?

म्हणून परवीनभाभी माझ्या दारात येऊन म्हणली, "सारजाताई, तुम्ही शेतीवाल्या, मला भाजी लावायला शिकवा की," तवा मला हसू आवरंना.

"बाई, मला इचारण्यापरीस गोठ्यातल्या म्हशीला इचार," मी म्हणलं. "तिनं निदान खाल्ल्याली तरी हाय ताजी."

परवीनभाभी आमची शेजारीण. तिचं मालक मुबीनभाई एस.टी.त कंडक्टर व्हतं. बारामतीत सगळा जन्म भाड्याच्या खोलीत गेला. घरमालकानं खोली सोड म्हणलं की बिऱ्हाड उचलायचं, दुसऱ्या गल्लीत मांडायचं. मुबीनभाई रिटायर झालं तसं भाभीनं हट्ट धरला आन् आमच्या शेजारची जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. घर झालं त्या दिवशी ती उंबऱ्यात बसून दाराच्या चौकटीवरनं नुसता हात फिरवत व्हती. मी म्हणलं, "काय गं, रंग लागंल हाताला." तर म्हणली, "लागू दे ताई. ह्या दाराला कुलूप माझं, किल्ली पण माझी. आता मला कुणी ऊठ म्हणणार नाही."

पण ऊठ म्हणणारा घरातच व्हता. मुबीनभाईंना करमंना. बारामतीत त्यांचा चौक व्हता, चहाची टपरी व्हती, डेपोतली दोस्त मंडळी व्हती. हितं काय? उसाची सळसळ आन् आमचा म्हातारा. आमचा म्हातारा म्हंजी दादासाहेब, माझा नवरा. नाव घेऊ न्हाय म्हणत्यात, पण घेते, तुमी काय चाडी सांगाय जाणार न्हाय. तर दादासाहेबांच्या तोंडी कारखाना, टनेज आन् तोड कधी येणार, ह्याच्याबिगर चौथा इषय न्हाय. मुबीनभाई ऐकून ऐकून इटलं. त्यांचा ल्योक हारिस पुण्यात कंपनीत. फुरसुंगीला फ्लॅट. "लिफ्ट हाय, खाली बाग हाय, माणसं हायत. जाऊ तिकडंच," असं मुबीनभाईंनी लावून धरलं. घराला कुलूप घालायचं न्हायतर इकून टाकायचं.

नवरात्रात भाभी माझ्याकडं आली व्हती. माझ्या घरात घट बसल्याला. पत्रावळीवर शेतातली माती, त्यात पाच धान्यं, मधी घट. वर्सातनं एकदा तेवढीच माझी पेरणी. धान चांगलं वर आलं व्हतं, पिवळंधमक. भाभी तितंच मांडी घालून बसली आन् बघतच राह्यली.

"एवढ्याशा मातीत एवढं उगवतं, ताई?"

"उगवतं की. रोज जरा पाणी शिंपडायचं."

ती तशीच उठून घरी गेली. जरा येळानं भिंतीपलीकडनं आवाज आला म्हणून मीबी गेले. म्हणाल तर चोंबडेपणा, पण शेजारधर्मच तो. मुबीनभाई खुर्चीत बसल्यालं आन् भाभी कमरंवर हात देऊन उभी.

"काय उगवतंय हितं? दगड?" मुबीनभाई म्हणत व्हतं. "सगळी जागा मुरूम टाकून भरल्याली. गवत उगवंना, तुझी भाजी उगवंल व्हय?"

"आणि उगवून दाखवली तर?"

मुबीनभाई हसलं. जन्मभर तिकीटं फाडल्याला माणूस, सौदा करायची सवय. म्हणलं, "नाताळच्या सुट्टीत हारिस येणार हाय. त्याच्या ताटात तू हितं लावलेली भाजी पडली, तर मी पुन्यांदा पुण्याचं नाव काढणार न्हाय. ह्या सारजाताईंच्या देखत सांगतो. पण न्हाय पडली, तर गपगुमान त्याच्या गाडीत बसायचं. रडायचं न्हाय."

"कबूल," भाभी म्हणली.

मी कपाळावर हात मारला. अगं बाई, मेथी आन् कोथिंबीर एका वाफ्यात ठेवली तर तुला वळखू येईना, आन् तू घर लावतीस पैजंवर? पण मी तिचं तोंड बघितलं. तसलं तोंड मी फकस्त आमच्या आयचं बघितल्यालं, नदी भरल्याली असताना मेंढरं पल्याड न्यायच्या टायमाला.

दसरा झाला आन् बाईनं कुदळ घेतली. मुबीनभाईंचा जुना खाकी शर्ट अंगात, वर पदर खोचल्याला, डोस्क्याला दस्ती. मुरमावर कुदळ मारली की ठिणगी उडायची. आमचा म्हातारा वट्यावर बसून म्हणायचा, "वहिनी, जेसीबी सांगू का?" ती म्हणायची, "जेसीबी आणला तर भाजी जेसीबीची होईल, दादासाहेब." एका रांगंला दोन वाफं एवढी जागा तिनं गुडघ्याइतकी उकरली. तळहाताला फोड आलं, फुटलं, परत आलं. मी हळद लावून दिली तर म्हणली, "ताई, पोळ्या लाटून लाटून एवढी वर्षं गेली, ह्या हातांना कधी फोड आला नव्हता. बरं वाटतंय." खुळीच म्हणायची! पण सांगते, मला तिचा अभिमान वाटला. आमच्या शेतातली काळी माती मी म्हाताऱ्याला न इचारता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं तिला टाकून दिली. त्यो बोंबलला. बोंबलू दे.

आता चूक सांगते. उसवाल्याला एकच कळतं, पाणी. पाट आला की रान तुडुंब भरायचं. भाभीनं मेथी टाकली, पालक टाकला, धनं टाकलं. अख्खं टाकलं, रगडून दोन दाळी करायच्या असत्यात ते तिला म्हाईत न्हवतं आन् मलाबी न्हवतं. मंग मी आन् म्हाताऱ्यानं मिळून तिला शानपण शिकवलं. "पाणी तोडू नगा," म्हातारा म्हणला. आमच्या मोटरचा पाईप तिच्या वाफ्यात सोडला. सकाळी वाफा भरला, संध्याकाळी परत भरला. दोन वाफं म्हंजी दोन डबकी. बेडकं आली. मेथीचं मोड आलं ते पिवळं पडून सडलं, आन् धनं तर दिसलंबी न्हाईत.

दुसरी कुणी असती तर माझ्या नावानं खडं फोडलं असतं. भाभी डबक्याच्या कडंला बसली, बोटानं चिखलातलं सडल्यालं बी वर काढलं, नाकाला लावलं आन् म्हणली, "गुदमरून मेलं बिचारं. ताई, तुमचा ऊस पोहणारा दिसतोय, माझ्या मेथीला पोहता येत नाही." आन् हसली. मला मेल्याहून मेल्यागत झालं, पण मीबी हसले.

मंग तिनं आमचा नाद सोडला. बारामतीच्या बाजारात जायची आन् भाजी घ्यायची सोडून पाल टाकून भाजी इकणाऱ्या बायांशेजारी जाऊन बसायची. "मावशी, पालक किती खोल टाकता? ओ मामी, तुमच्या मुळ्याला पाणी कधी देता?" लाज न्हाय, शरम न्हाय. पन्नाशीची बाई पोरीवानी इचारत बसायची. बाया पयल्यांदा हाडहूड करायच्या, मंग त्यांच्यातलीच एक तिला मूठभर गावरान मेथीचं बी पदरात घालून गेली. मी एवढ्या वर्सात त्या बायांकडनं भाजी घेते, पण भावाची घासाघीस सोडून एक शबुद कधी बोलले न्हाय.

दिवाळी झाली आन् माझा भाऊ बिरू इंदापूरकडनं मेंढरं घेऊन आला. दरसाल त्यो कोकणाकडं जाताना माझ्या दारावरनं जातो, आमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवतो. मेंढरं बसवायची म्हंजी जाळीची वाघर लावून रातभर कळप एका रानात कोंडायचा. सकाळपतूर रान लेंड्यांनी काळंभोर व्हतं, तसलं खत इकत मिळत न्हाय. भाभीनं ते बघितलं आन् बिरूच्या पाठीच लागली. "दादा, माझ्याकडं बसवा की."

बिरूनं तिची जागा बघितली आन् पोट धरून हसला. "वहिनी, हितं माझी चार मेंढरं उभी राह्यली तर पाचवं तुमच्या सैपाकघरात जाईल."

"जाऊ दे. पाहुणंच ते."

आन् बसवली की त्येनं! मावतील तेवढी कोंडली. मेंढरं रातभर बॅं बॅं करत व्हती. मुबीनभाई उशी कानावर घेऊन झोपलं, सकाळी उठून बघत्यात तर खिडकीतनं एक मेंढरू त्यांच्याकडंच टक लावून बघतंय. "मेरे को क्या देख रहा है," असं त्यांनी त्येला इचारलं, ते मी माझ्या कानानं ऐकलं. बिरूनं जाताना बजावलं, "लेंडी कडक असती, वहिनी. माती खालवर करा, जरा निवू द्या, मंगच बी टाका." बिरूच्या हातावर भाभीनं शिरखुर्म्याची वाटी ठेवली. बिनईदीचा शिरखुर्मा. त्येनं उभ्याउभ्या संपवली.

मंग मातर काय सांगू तुमाला. थंडी पडली आन् त्या वाफ्यांनी अंग धरलं. मेथी अशी आली, असं वाटावं कुणी हिरवी शाल अंथरलीय. पालकाची पानं हातभर रुंद न्हाईत, पण काळीभोर. मुळ्यानं खांदं वर काढलं. कडंनं लसूण, कांद्याची पात. रोपं आणून लावल्याली वांगी, मिरच्या, टोमॅटो. टोमॅटोला पिवळी फुलं आली तवा भाभीनं मला घरातनं वढत नेलं. गाव बघायला याय लागलं. उसवाल्या बाया, सोन्याच्या बांगड्या घातल्याल्या, वाफ्याजवळ उकिडव्या बसून इचारायच्या, "परवीनभाभी, मेथी किती दिसाची?" आन् भाभी सांगायची. शिकल्याली मास्तरीण बोलंल तसं न्हाय, कालच शिकल्यालं आज सांगावं तसं, खुशीत. मी वट्यावर बसून बघायची आन् छाती माझी फुगायची. जशी काय मीच लावलीय.

मुबीनभाईंची खुर्ची दारातनं हलत हलत वाफ्याच्या कडंला आली व्हती, ते माझ्या नजरंतनं सुटलं न्हाय. भाभी न्हाय असं बघून ते हळूच खाली वाकायचं आन् एखादं गवत उपटायचं. कोण आलं की परत खुर्चीत, हातात पेपर.

आन् मंग मावा पडला. मिरची आन् टोमॅटोच्या पानाखाली बारीक हिरवं किडं. भाभी रोज बोटानं पुसून काढायची. नाताळाला आठवडाभर राह्यला असंल. ती त्या दिवशी बारामतीला तांदूळ आणायला गेली. परत आली तर मुबीनभाई पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आमच्या घराकडं जात असल्यालं तिला रस्त्यावरनं दिसलं. वाफं वल्लं व्हतं, तिला वाटलं पाणी मारलं असंल.

दोन दिसात टोमॅटोची पानं वळाया लागली. वळून वळून पार दोऱ्यागत झाली. वांगी माना टाकून, मेथी आडवीतिडवी, देठं सुजल्याली. मी जवळ जाऊन एक देठ मोडून बघितलं. रोग न्हवता हा. असलं मी उसाच्या बांधावर बघितल्यालं हाय, पर कशानं ते ध्यानात येईना.

भाभी वाफ्यात उभी व्हती. रडत न्हवती. लई बारीक आवाजात म्हणली, "ताई, त्यांनी केलं."

"कुणी?"

"ह्यांनी. मी बघितलं, पंप होता पाठीवर. त्यांना जायचंय पुण्याला." तिनं टोमॅटोचं एक पान सरळ करायचा प्रयत्न केला, ते परत वळलं. "मारायचंच होतं तर माझ्यासमोर उपटायचं होतं. मी सहन केलं असतं. चोरून का?"

माझं डोस्कं सटकलं. म्हणलं, आत्ता जाते आन् त्या कंडक्टरला असं झाडते की सगळा रूट इसरंल. पण भाभीनं हात धरला. "नको, ताई. मी त्यांना विचारणार नाही. हो म्हणाले तर काय करू मी?"

घरी आले ती तणतणतच. म्हाताऱ्याला म्हणलं, "मुबीनभाईंनी तुमचा पंप कशाला नेल्याला?"

"मावा पडला म्हणत व्हतं. वहिनीला सांगू नगा म्हणलं, तिला आयतं बरं झाल्यालं दिसू द्या. बिचाऱ्यानं लसूण-मिरची मिक्सरला वाटून, लिंबाचा पाला उकळून, गाळून आणल्यालं की. माझ्याम्होरंच पंपात वतलं."

कडुलिंबाचा पाला उकळणारा माणूस, बाग मारायला? मी कोपऱ्यातला पंप वढला, झाकण काढलं आन् नाक आत घातलं. डोळ्यात पाणी आलं. लसूण-मिरचीनं न्हाय. तणनाशक! उसातलं रुंद पानाचं तण मारायला आमी जे मारतो ते. उसाला काय व्हत न्हाय त्येनं, पण रुंद पानाचं जे असंल ते वळून वळून मरतं. आता आठवलं मला ते बांधावरचं. म्हाताऱ्यानं उसात फवारून पंप तसाच ठेवल्याला. धुवायचा कशाला, परत उसातच मारायचा हाय! सगळ्या गावात असंच. भाजी कोण लावतंय हितं, धुवायची सवय लागायला?

म्हाताऱ्याला काय काय बोलले ते लिव्हण्याजोगं न्हाय. त्यो मान खाली घालून बसला.

मी पळत भाभीकडं गेले, तिला मागच्या दारी बलावली आन् सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडंल. आमच्यावर, पंपावर. ती मटकन पायरीवर बसली. तोंडावर पदर घेतला. खांदं हलाया लागलं. मी म्हणलं रडतीय. पदर काढला तर हसत व्हती, डोळं भरल्यालं.

"म्हणजे त्यांनी मारली नाही, ताई. वाचवायला गेले होते. मिक्सरला मिरचीचा वास येत होता, मला वाटलं ह्यांनी ठेचा केला असेल."

"मंग चल, सांगू त्यांना. पैज रद्द म्हणावं. चूक आमच्या पंपाची हाय."

"नाही." ती एकदम उठली. "त्यांना हे कधी कळू द्यायचं नाही. तुम्हाला माझी शपथ. त्यांच्या हातून बाग मेली हे त्यांना कळलं ना, तर जन्मभर मनाला लावून घेतील. जेवणार नाहीत ते. मला माहीत आहेत."

"आन् घर?"

ती पायरीवरची माती पदरानं झाडाय लागली.

"मंग असं कर," मी म्हणलं. "मी उद्या बाजारातनं मेथी आणते. ताजी, मुळासकट. म्हणायचं वाफ्यातली. कुणाला कळतंय? हारिसला का मेथीवर नाव वाचाय येतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय, पण मला माझीच लाज वाटली. "ताई, ज्या घरासाठी मी एवढं केलं, त्या घरात पहिलं खोटं मीच बोलू?"

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं उपटलं. लसूण, कांद्याची पात, जे बरं दिसत व्हतं तेबी. इष उडाल्यालं पोराच्या ताटात न्हाय म्हणली. शेरडांच्या तोंडी लागू न्हाय म्हणून खड्डा काढून पुरलं. खाकी शर्ट अंगात व्हताच. मुबीनभाई खुर्चीत बसून बघत व्हतं, पेपर उलटा धरल्याला. त्यांनी इचारलं, "काय झालं गं ह्यांना?" ती म्हणली, "रोग पडला. नवीन आहे मी, जमलं नाही." आन् खड्ड्यावर माती वढली.

मला सांगा, कुठल्या मातीची असंल ही बाई? घर जातंय हातातनं, आन् नवऱ्याच्या जिवाला लागू न्हाय म्हणून सगळा दोष सवताच्या अंगावर घेती. मी म्हाताऱ्याची एवढीशी चूक सापडली तर गावभर करते. तिच्याम्होरं मी कुठं लागते?

हारिस आला. चांगला पोरगा, वाकून पाया पडला आमच्या. मोकळी गाडी घेऊन आल्याला, सामानासाठी मागची शिटं पाडल्याली. भाभीनं आमालाबी जेवायला बोलावलं. मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, भात. आन् प्रत्येकाच्या ताटात भाजीची जागा तिनं रिकामी सोडल्याली. लिंबू, मीठ, मंग मोकळी जागा, मंग भाकरी. मी म्हाताऱ्याकडं बघत न्हवते, त्यो माझ्याकडं बघत न्हवता.

"अम्मी, सामान कधी भरायचं मग?" हारिसनं इचारलं. त्येला काय ठावं.

भाभीनं भाकरी मोडली. "उद्या भरू. मी हरले. तुझ्या ताटात माझी भाजी पडली नाही." आवाज कुठं हलला न्हाय. "कबूल केलं होतं, रडणार नाही."

मुबीनभाईंनी हात ताटाबाहेर काढला आन् पाण्याच्या तांब्यात बुडवून धुतला, अर्ध्या जेवणात. म्हणलं, "हरली न्हाय ती. मी मारली तिची बाग."

भाभीनं झटक्यात माझ्याकडं बघितलं. मी जोरजोरात मान हलवली. देवाशपथ, मी न्हवतं सांगितलं.

"सारजाताईंनी न्हाय सांगितलं," मुबीनभाई म्हणलं. "पंप परत द्यायला गेलो तवा त्यातनं उसातल्या औषधाचा वास आला. तवाच कळलं. तवापास्नं वाट बघतोय, ही शिव्या देईल, भांडेल. मला बोलायचं धाडस न्हाय झालं. ही मरूस्तोवर रागवंल असं वाटलं. आन् ही मला सांगती, रोग पडला, मला जमलं न्हाय." त्यांचा आवाज फुटला. "आयुष्यभर मी हिला एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत फिरवली. एक जागा हिची झाली, तितंबी मीच तण मारायचं औषध मारलं. आन् ही मलाच झाकतीय."

आमचा म्हातारा खाली मान घालून भाकरीचा तुकडा कुस्करत व्हता. हारिस एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघतोय.

"हारिस," मुबीनभाई म्हणलं, "तुझी गाडी मोकळी आली तशी मोकळी जाईल, बेटा. आमचं सामान हितंच राहील. तू मातर होळीला ये. मेथीला काय लागतंय, महिनाभर. मी हिच्या हाताखाली शिकंन."

भाभी बी कुजलं तवा रडली न्हवती. पानं वळली तवा न्हाय, सगळी बाग पुरली तवाबी न्हाय. आता रडली. पोरासमोर, आमच्यासमोर, मोठ्यानं. मुबीनभाई वल्ल्या हातानं तिच्या पाठीवर थोपटत राह्यलं. "रडायचं न्हाय ठरलं व्हतं की," ते म्हणत व्हतं, आन् सवताच डोळं पुसत व्हतं.

ती हुंदक्यातनं म्हणली, "मग उद्या लवकर उठा. माती खणून बाहेर टाकायचीय सगळी. विष आहे त्यात."

"किती खोल?"

"गुडघ्याइतकी."

मुबीनभाईंनी आपल्या गुडघ्याकडं बघितलं, आन् म्हणलं, "बरं."